राजाचा आजार आणि शेवटची पाटी : ऐतिहासिक चित्रपटातला दावा कसा तपासायचा?



पेट किंवा नेट झाली की बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच असतो, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर कसा लिहायचा? शंभर पेपर डाउनलोड होतात, प्रत्येकाचा सारांश दोन-दोन ओळींत उतरतो आणि ‘अमुक यांनी असे सिद्ध केले आहे’ अशी वाक्यं पानोपान पसरतात. त्यातलं किती खरंच सिद्ध झालंय आणि किती नुसतं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलंय, हे मात्र तपासायचं राहून जातं.

हा फरक समजावून सांगायला आज मी चक्क एक चित्रपट घेतलाय. राजेरजवाड्यांवरच्या चित्रपटांवरून आपल्याकडे किती वाद होतात हे काही वेगळं सांगायला नको. ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा नाचावरून झाला, नंतरच्या चित्रपटांवरूनही होतच राहिला. वादात मुद्दा बहुधा एकच असतो : ‘असं घडलंच नव्हतं!’ माझं म्हणणं असं की, घडलं नव्हतं ते दाखवणं हा या चित्रपटांचा सगळ्यात मोठा धोका नाही. मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो आपल्या थिसिसमध्येही असतो. जिथे आपल्या भावना गुंतलेल्या नाहीत असं लांबचं उदाहरण घेतलं, की तो स्वच्छ दिसतो. म्हणून उदाहरण इंग्लंडचं घेते.

चित्रपट कोणता?

‘द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’, साल १९९४. दिग्दर्शक निकोलस हायट्नर. पटकथा अॅलन बेनेट यांची, त्यांच्याच १९९१च्या नाटकावरून. राजाच्या भूमिकेत नायजेल हॉथॉर्न, राणी शार्लटच्या भूमिकेत हेलन मिरेन. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं आणि मिरेन यांना कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार.

हा राजा म्हणजे तिसरा जॉर्ज. आपल्या हिशोबाने सांगायचं तर पानिपतच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर १७६० मध्ये तो गादीवर आला आणि पेशवाई बुडाली तेव्हाही, १८१८ मध्ये, नावाला का होईना, राजा तोच होता. १८२० मध्ये तो वारला. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातली शेवटची जवळजवळ साठ वर्षं आणि या एका माणसाची कारकीर्द एकमेकांवर बरोबर बसतात.

१७८८ च्या शरद ऋतूत, वयाच्या पन्नाशीत, हा राजा आजारी पडला. आधी पोटदुखी, मग अस्वस्थपणा, झोप नाही, आणि बोलणं थांबेचना. दरबारातले एक अधिकारी रॉबर्ट ग्रेव्हिल यांच्या रोजनिशीत तो एकदा सलग १९ तास बोलत राहिल्याची नोंद आहे. डॉक्टरांनी पायांवर फोड आणणारे लेप लावले, उलटीची औषधं दिली. शेवटी लिंकनशायरमधले फ्रान्सिस विलिस यांना बोलावलं गेलं. हे धर्मगुरू होते, डॉक्टर होते आणि वेड्यांसाठी खासगी इस्पितळ चालवायचे. त्यांनी राजालाही हात बांधणारा अंगरखा घातला, खुर्चीला बांधलं. तिकडे संसदेत युवराजाला कारभारी नेमण्याचं विधेयक आलं. ते पूर्ण मंजूर होण्याआधी, फेब्रुवारी १७८९ मध्ये, राजा बरा झाला.

चित्रपट हीच गोष्ट सांगतो.

कल्पित भाग कुठे आहे?

चित्रपटाच्या शेवटी एक रंगतदार प्रसंग आहे. विधेयकावर सभागृहात चर्चा चालू आहे आणि बरा झालेला राजा घोडागाडीतून धावतपळत वेस्टमिन्स्टरला येऊन सगळ्यांसमोर उभा राहतो. सभासद बाहेर धावतात, विरोधकांचे चेहरे पडतात.

असं काही घडलं नव्हतं. राजा तेव्हा क्यू इथल्या वाड्यात होता. लॉर्ड चॅन्सलर थर्लो यांनी वरच्या सभागृहात राजाची प्रकृती सुधारत असल्याचं सांगितलं आणि विधेयक मागे पडलं. लोकांसमोर समारंभाने राजा आला तो एप्रिलमध्ये, २३ तारखेला, सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या आभारप्रार्थनेला.

आता मला सांगा, या बदलाने नुकसान काय झालं? फारसं नाही. ‘राजा वेळेवर बरा झाला म्हणून सत्ता वाचली’ हा ऐतिहासिक मुद्दा जागेवरच राहतो. फक्त जे दोन महिन्यांत पसरलं होतं ते पाच मिनिटांत आलं. शिवाय ही घोडागाडी खोटी आहे हे कळायला कुणालाही अर्धा तास पुरे. तारखा आहेत, कामकाजाच्या नोंदी आहेत. म्हणजे हे कल्पित *तपासता येण्यासारखं* आहे. प्रेक्षकालाही मनातून माहीत असतं की चित्रपटाचा शेवट असाच होतो.

खरी गडबड : शेवटची पाटी

चित्रपटात अधूनमधून एक छोटी गोष्ट दिसते. राजाचा सेवक लघवीचं भांडं घेऊन येतो, तो रंग निळसर आहे असं सांगू पाहतो, आणि मोठे मोठे डॉक्टर त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. शेवटी गोष्ट संपते आणि पडद्यावर अक्षरं येतात. त्यांचा आशय असा : लघवीच्या रंगावरून वाटतं की राजाला पोर्फिरिया होता, हा शरीराचा आजार असून मज्जासंस्थेवर परिणाम करतो, तो अधूनमधून उसळतो, कधी येईल सांगता येत नाही, आणि आनुवंशिक आहे.

लक्षात घ्या, ही पाटी कथेच्या *बाहेर* आहे. इथे पात्रं बोलत नाहीत, चित्रपट स्वतः आपल्याशी बोलतोय. ‘वाटतं’ असा शब्द आहे खरा, पण सेवकाने आपल्याला पुरावा आधीच दाखवलेला असतो. दोन तास पाहिलेल्या कोड्याचं उत्तर मिळाल्याचं समाधान घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. घोडागाडीवर शंका घेणारा माणूससुद्धा पाटीवर शंका घेत नाही.

आणि तपासायला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

पोर्फिरिया म्हणजे काय?

थोडं विज्ञान बघू. रक्त लाल दिसतं ते हीम नावाच्या रेणूमुळे. शरीर हा रेणू आठ पायऱ्यांनी बनवतं आणि प्रत्येक पायरीला एक एन्झाइम लागतं. त्यातलं एखादं कमी पडलं की आधीच्या पायऱ्यांवरचा माल साठत जातो. कारखान्यात एक मशीन मंद पडलं की त्याच्या मागे ढीग लागतो, तसंच. कुठलं एन्झाइम कमी, त्यावरून पोर्फिरियाचा प्रकार ठरतो. तीव्र प्रकारांच्या झटक्यात पोटात जबरदस्त कळा येतात, बद्धकोष्ठता होते, नाडी जलद चालते, हातपाय लुळे पडतात आणि कधी कधी मानसिक लक्षणंही दिसतात. लघवी उजेडात राहिली की तांबडी-जांभळट, गडद होते. नावही ग्रीक भाषेतल्या जांभळ्या रंगाच्या शब्दावरूनच आलंय.

आज निदान करायचं तर झटक्याच्या वेळची लघवी तपासतात, रक्त तपासतात, जनुक तपासतात. जॉर्जच्या बाबतीत यातलं काहीच उपलब्ध नाही. आहे ते फक्त लोकांनी लिहिलेलं.

दाव्याचा प्रवास

१९४१ मध्ये मॅनफ्रेड गुटमाकर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने जॉर्जवर पुस्तक लिहिलं आणि त्याचा आजार मानसिक मानला. आज ज्याला बायपोलर म्हणतात, त्या जातीचा.

१९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयडा मॅकाल्पाइन आणि रिचर्ड हंटर यांचा लेख आला. हे आई आणि मुलगा, आणि दोघेही मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचा दावा : हे वेड नव्हतंच, हा पोर्फिरिया. आधी त्यांनी एक प्रकार सांगितला. १९६८ मध्ये राजघराण्याच्या इतर पिढ्यांचे दाखले जमवून प्रकार बदलला आणि ‘व्हेरिगेट पोर्फिरिया’ म्हटलं. १९६९ मध्ये पुस्तक आलं. बेनेट यांच्या नाटकाने पुढे याच मांडणीचा आधार घेतला.

शंका घेणारेही होते. दक्षिण आफ्रिकेत याच प्रकारच्या पोर्फिरियाचा अभ्यास केलेले जेफ्री डीन त्यांपैकी एक. शंकेमागचं गणित आपणही करू शकतो. हा आजार आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलात जनुक जाण्याची शक्यता निम्मी. जॉर्जला १५ मुलं. म्हणजे सात-आठ जणांत ते जनुक असायला हवं, आणि पुढे शेकडो वंशजांत. मग ठळक रुग्ण इतके कमी कसे?

पण थांबा, हा युक्तिवादही निर्णायक नाही. जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी झटका येतच नाही. आणि जॉर्जचे एक वंशज, १९७२ मध्ये विमान अपघातात वारलेले ग्लॉस्टरचे प्रिन्स विल्यम, यांना व्हेरिगेट पोर्फिरियाचं निदान झालं होतं. पोर्फिरियाच्या बाजूचे लोक हा दाखला देतात. पण दोघांच्या मधल्या पिढ्यांत बाहेरून कितीतरी लग्नं झाली. जनुक जॉर्जकडूनच आलं हे त्यावरून ठरत नाही.

२००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मार्टिन वॉरन, टिमथी कॉक्स आणि सहकाऱ्यांनी जॉर्जच्या जतन केलेल्या केसांची तपासणी छापली. उपयोगी डीएनए मिळाला नाही, पण आर्सेनिक भरपूर निघालं, दर दहा लाख भागांत सुमारे १७ भाग. त्यांचा अंदाज असा की राजाला दिलेल्या अँटिमनीच्या औषधात आर्सेनिकची भेसळ असावी आणि त्याने पोर्फिरियाचे झटके आणखी वाढले असावेत.

हा निष्कर्ष दोनदा वाचा. मोजलं काय? आर्सेनिक. ते खरं मोजमाप आहे. पण ‘आर्सेनिकने पोर्फिरिया वाढला’ म्हणायला पोर्फिरिया होता हे आधीच धरावं लागतं. बातम्यांत मात्र ‘केसांनी गूढ उकललं’ असंच दिसतं. गृहीतकावर नवं गृहीतक उभं राहिलं की खालचं आपोआप पक्कं वाटायला लागतं. रिव्ह्यू लिहिताना हे वाक्य डोक्यात ठेवा.

२०१० मध्ये टिमथी पीटर्स आणि सहकाऱ्यांनी मूळ वैद्यकीय नोंदी पुन्हा वाचल्या. त्यांचं म्हणणं असं की मॅकाल्पाइन-हंटर यांनी सोयीच्या नोंदी उचलल्या आणि गैरसोयीच्या सोडल्या. निळ्या रंगाच्या नोंदी मोजक्या आहेत, आणि त्या रंगाचं दुसरं साधं कारण असू शकतं. राजाला जेन्शियन नावाची कडू मुळी दिली जात होती. ही आपल्या काडेकिराइताच्या कुळातली वनस्पती. तिच्यामुळेही लघवीला निळसर झाक येऊ शकते, असं पीटर्स यांनी सुचवलं. म्हणजे चित्रपटातला सेवक बरोबर पाहत असेलही. पण कदाचित त्याला दिसलं ते आजाराचं नाही, औषधाचं चिन्ह!

२०१७ मध्ये आणखी एक वेगळा प्रयत्न झाला. जॉर्ज स्वतःच्या हाताने पत्रं लिहायचा आणि तारखेबरोबर वेळही टाकायचा. अभ्यासकांनी संगणकाच्या मदतीने आजाराच्या काळातली आणि निरोगी काळातली पत्रं तुलनेला घेतली. भाषेत मोजता येण्याइतका फरक निघाला, आणि तो उन्मादाच्या अवस्थेशी जुळणारा होता. मला आवडलेला भाग पुढचा आहे. ऋतू किंवा राजकीय ताण यांमुळे भाषा बदलते का, हेही त्यांनी वेगळं तपासलं. कंट्रोल म्हणतात तो हा. तरीही हा अभ्यास ‘उन्माद होता’ इतकंच बळकट करतो. तो कशामुळे झाला हे पत्रं सांगू शकत नाहीत.

एकूण आज तराजू बायपोलरकडे झुकलेला आहे. बंद झालेलं प्रकरण मात्र हे नाही.

दावा इतका आवडला का?

पुराव्याइतकाच हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पोर्फिरियाचं निदान वाचून लोकांना बरं वाटलं. ‘बिचारा वेडा नव्हता, आजारी होता.’ मॅकाल्पाइन-हंटर यांची भूमिकाही राजाच्या आणि घराण्याच्या नावावरचा डाग पुसण्याची होती. चित्रपटातही प्रेक्षक राजाच्या बाजूने उभा राहतो आणि शेवटची पाटी त्याला जणू निर्दोष सोडते.

पण ‘वेडा नव्हता, आजारी होता’ या वाक्यात काय दडलंय बघा. मानसिक आजार हा आजार नाही, तो कलंक आहे, हे त्यात आधीच मान्य केलेलं आहे. रक्तातला दोष चालेल, मनाचा नको. आपल्या घरांतही हे रोज चालतं. ‘त्याला थायरॉइड आहे म्हणून तसा वागतो’ असं पाहुण्यांना सांगितलं जातं आणि मानसोपचाराची चिठ्ठी कपाटात दडवली जाते. थायरॉइडनेही मनावर परिणाम होतो, ते खोटं नाही. पण कुठलं निदान *खरं* आहे आणि कुठलं *सांगायला बरं* आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राजाच्या बाबतीत दोन्ही मिसळले, आणि दुसऱ्याने पहिल्याचं वजन वाढवलं.

म्हणून मी म्हणते की राजघराण्यावरच्या चित्रपटात खोट्या प्रसंगापेक्षा खरा वाटणारा खुलासा जास्त जपून घ्यावा. २०२३ च्या ‘क्वीन शार्लट’ या मालिकेने याच राजा-राणीची तरुणपणीची गोष्ट दाखवली. तिच्यात तर राजाचा आजार लग्नापासूनच आहे, पण सुरुवातीलाच सांगितलंय की हा इतिहासाचा धडा नाही. पुरावा शोधायला तिच्याकडे कुणी जाणार नाही. १९९४ चा चित्रपट कितीतरी अभ्यासपूर्ण आहे, आणि म्हणूनच त्याचा शब्द आपण पटकन घेतो. रिव्ह्यूतही असंच होतं. सुमार पेपर आपण तपासतो, नावाजलेल्या पेपरचा निष्कर्ष मात्र तसाच उचलतो.

आता तुमच्या कामाचं

मराठी इतिहास संशोधनात बखर आणि अस्सल कागद असा फरक करायची जुनी सवय आहे. बखर म्हणजे मागाहून सांगितलेली हकिगत, आणि अस्सल कागद म्हणजे त्या वेळचा व्यवहारातला कागद. बखर टाकाऊ नसते, पण तिचं वजन वेगळं धरायचं असतं. विज्ञानातही हीच सवय लावा. रिव्ह्यूमधल्या प्रत्येक महत्त्वाच्या दाव्याला हे चार प्रश्न विचारा.

१. पाहिलं काय आणि मानलं काय? ‘लघवी निळसर होती’ हे निरीक्षण. ‘पोर्फिरिया होता’ हा अर्थ. वहीत दोन वेगळे रकाने करा. अर्थाच्या रकान्यातलं वाक्य निरीक्षणाच्या रकान्यात कधी सरकलं, हे पकडता आलं पाहिजे.

२. याच निरीक्षणाचं दुसरं साधं कारण काय? औषध, अन्न, ऋतू, उपकरण. जेन्शियनचा प्रश्न विचारायला ४० वर्षांहून जास्त काळ गेला.

३. गैरसोयीच्या नोंदी कुठे गेल्या? लेखकाने एकूण किती नोंदी पाहिल्या आणि किती दिल्या? हे लेखात नसेल तर मूळ साधनाकडे जा. निदान तुमच्या कामाचा पाया असलेल्या दोन-तीन पेपरांसाठी तरी जाच.

४. हा निष्कर्ष खरा निघाला तर कुणाला बरं वाटेल? मलाच वाटत असेल तर तपासणी दुप्पट.

सिनॉप्सिसमध्ये भाषाही त्याप्रमाणे वापरा. ‘सिद्ध केले’, ‘दाखवले’, ‘सुचवले’, ‘असा अंदाज मांडला’ ही चार क्रियापदं एकाच किमतीची नाहीत. वरच्या प्रवासात केसांतलं आर्सेनिक ‘दाखवलं’ गेलं, जेन्शियन ‘सुचवलं’ गेलं, आणि पोर्फिरिया अजून ‘अंदाज’ आहे. व्हायव्हाला परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

शेवटी एक गृहपाठ. तुमच्या आवडीचा राजा-राणीवरचा एखादा चित्रपट घ्या, मराठी, हिंदी, कुठलाही. त्यातले पाच प्रसंग लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा : अस्सल कागद, बखर, कादंबरी की पटकथाकाराची कल्पना? मग चित्रपटाच्या सुरुवातीची आणि शेवटची पाटी परत वाचा. ती यांपैकी कशावर उभी आहे हे सापडलं, की तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर काढा आणि त्यालाही हीच परीक्षा द्यायला लावा.